नदीच्या अलीकडे : रे डेव्हिसची गीतरचना

रॉक संगीत म्हणजे तरुणांचा गोंगाट, अशी समजूत आपल्याकडील अनेक घरांत आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणता येणार नाही. १९६४ च्या ऑगस्ट महिन्यात ‘यू रिअली गॉट मी’ या गीताची तबकडी लंडनच्या बाजारात आली, तेव्हा तिच्यातील गिटारचा आवाज फाटका आणि खरखरीत होता. तो वाजविणाऱ्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरमधील स्पीकरचा पडदा ब्लेडने चक्क चिरला होता! सप्टेंबरमध्ये ते गीत ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिले आले. पुढे जे कर्कश रॉक जगभर पसरले, त्याच्या पूर्वजांत या तबकडीची गणना आजही होते.

हे गीत लिहिले होते डेव्हच्या थोरल्या भावाने, वीस वर्षांच्या रेमंड डग्लस डेव्हिसने. रे आणि डेव्ह हे दोघे भाऊ, पीट क्वेफ आणि मिक एव्हरी अशा चौघांचे हे पथक ‘द किंक्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढच्या पाच वर्षांत याच रे डेव्हिसने कुबड आलेला माळी, कर्ज काढून घेतलेल्या घरातला मध्यमवयीन गृहस्थ, दूर देशी गेलेली बहीण आणि बंद पडणारी वाफेची आगगाडी यांच्यावर गीते लिहिली. त्याच्या पिढीतील इतर गीतकार क्रांती, मादक द्रव्ये आणि पौर्वात्य अध्यात्म यांच्याकडे धावत असताना हा माणूस आपल्या गल्लीतच थांबला. तो का थांबला, आणि थांबून त्याने काय पाहिले, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. डेव्हिसच्या उत्तम गीतांतील निवेदक कुठेतरी उभा राहून पाहत असतो. कधी तो खिडकीत असतो, कधी नदीच्या अलीकडच्या काठावर. त्याची माणसे पलीकडे गेलेली असतात आणि तो मागे राहिलेला असतो. या जागेवर तो स्थिर असतो तेव्हा त्याचे गीत मनाला भिडते. ही जागा सोडून तो व्यासपीठावर चढतो तेव्हा ते कोसळते.

ही जागा त्याला फार लवकर मिळाली. त्याचा जन्म २१ जून १९४४ रोजी उत्तर लंडनमधील फॉर्टिस ग्रीन येथे झाला. आठ भावंडांत तो सातवा. आधीच्या सहाही बहिणी, आणि त्याच्यामागून आलेला डेव्ह. घरासमोर क्लिसोल्ड आर्म्स नावाची मद्यशाळा होती. शनिवारी रात्री तिथून माणसे घरी येत, पुढच्या खोलीतील पियानोभोवती कोंडाळे करीत आणि जुन्या नाट्यगृहांतील विनोदी व भावुक गाणी रात्र चढेपर्यंत म्हणत. डेव्हिसच्या गीतांतील चाल अमेरिकन ब्लूजइतकीच या शनिवारच्या पियानोचीही ऋणी आहे. कष्टकरी कुटुंबातील सामूहिक गाण्यात एक गुण असतो : एकाच कडव्यात हसताही येते आणि डोळेही पुसता येतात. हा गुण त्याने कधी गमावला नाही.

त्या सहा बहिणींपैकी रेने ही लग्न होऊन कॅनडात गेली होती. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने तिचे हृदय अधू झाले होते. १९५७ साली ती माहेरी होती. २० जून रोजी, धाकट्या भावाच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने त्याला स्पॅनिश गिटार भेट दिली. अनेक दिवस त्याचे डोळे त्या गिटारवर खिळलेले होते. दोघांनी मिळून थोडे वाजविले. ती पियानोवर बसली होती. संध्याकाळी ती स्ट्रँडवरील लायसियम नृत्यगृहात नाचायला गेली आणि नाचता नाचताच हृदय बंद पडून मरण पावली. ती एकतीस वर्षांची होती. मुलाचा वाढदिवस उजाडला तेव्हा घरात गिटार होती आणि बहीण नव्हती.

एवढ्या एका घटनेवरून सगळ्या गीतांचा उलगडा करणे हा समीक्षेतील सोपा मोह आहे, आणि तो टाळलेला बरा. परंतु गीतकाराच्या हाती त्याचे वाद्य कसे आले, हे या बाबतीत तरी बाजूला ठेवता येत नाही. डेव्हिसने स्वतःही ते ठेवलेले नाही.

आता मुंबईकडे वळू. १९६५ च्या जानेवारीत किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले होते. वाटेत त्यांचा मुक्काम मुंबईत पडला. भल्या पहाटे समुद्राजवळच्या हॉटेलात जागा असलेल्या डेव्हिसला कामावर निघालेल्या कोळ्यांचे सामूहिक गाणे ऐकू आले. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला हा पहाटेचा स्वर समजावून सांगण्याची गरज नाही. डेव्हिसच्या मनात तो रुतून बसला, आणि त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ हे गीत जन्मले. जुलै १९६५ च्या अखेरीस ते तबकडीवर आले आणि ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

या गीतात सतार नाही, तबला नाही. गिटारच तंबोऱ्याप्रमाणे एक सूर धरून बसते आणि त्या सुराभोवती आवाज थोडा वर, थोडा खाली फिरत राहतो. चाल पुढे सरकतच नाही. लाटेसारखी येते आणि त्याच जागी फुटते. शब्दही मोजकेच. ती निघून गेली आहे, नदीपलीकडे; आणि निवेदकाजवळ उरले आहेत ते पलीकडच्या तीरावर खेळणारे त्याचे सोबती. त्याला इथून ते दिसतात, पण तो त्यांच्यात नाही. हे गीत रेनेच्या मृत्यूशी जोडलेले आहे, असे पुढे डेव्हिसने सांगितले.

पाश्चात्त्य रॉकमध्ये भारतीय सूर पहिल्यांदा कोणी आणला, असा वाद संगीतप्रेमी मोठ्या हौसेने घालतात. त्याच वर्षीच्या जून महिन्यात आलेल्या यार्डबर्ड्स या पथकाच्या एका गीतासाठी स्टुडिओत सतार वाजवून पाहिली गेली होती. शेवटी तिचा भास गिटारवर आणला गेला. बीटल्सची सतार डिसेंबरात आली. मला या शर्यतीत रस नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पुढील दोन-तीन वर्षांत पश्चिमेत भारत म्हणजे उदबत्ती, गुरू आणि गूढ असे समीकरण रूढ झाले. डेव्हिसला मुंबईत गूढ काही ऐकू आले नाही. त्याने ऐकला तो कामावर निघालेल्या माणसांचा आवाज. कष्टकऱ्यांचे एकत्र गाणे त्याच्या घरीही दर शनिवारी होत असे, म्हणून तो त्याला ओळखीचा वाटला असावा, असा माझा तर्क आहे. परक्या देशातील सूर त्याने अलंकार म्हणून उचलला नाही. आपल्या सर्वांत खाजगी दुःखाला वाट म्हणून दिला. कोळ्यांना हे कधी कळले असेल असे वाटत नाही.

त्याच १९६५ साली अमेरिकेच्या दौऱ्यात काही तंटे झाले आणि तेथील वादक संघटनेने किंक्सला पुढील चार वर्षे परवाने नाकारले. जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ बंद झाली. व्यवहारात ही मोठीच हानी होती. गीतकाराचे मात्र त्यातून भले झाले असे मी म्हणेन. अमेरिकन श्रोत्याला समजेल असे लिहिण्याचे बंधन संपले आणि डेव्हिस आपल्या परिसराकडे वळला.

आधी तो वळला तो थट्टेने. १९६५ च्या ‘अ वेल रिस्पेक्टेड मॅन’ या गीतात वेळेवर कचेरीत जाणारा, कुटुंबाच्या पैशाकडे डोळा लावून बसलेला, नीटनेटका, प्रतिष्ठित इसम आहे. पुढच्या वर्षी फॅशनमागे धावणाऱ्या छानछोकी तरुणाची टर उडविणारे गीत आले. दोन्ही गीते चुरचुरीत आहेत; पण दोन्ही ‘तो’ या सर्वनामात लिहिलेली आहेत. ‘तो’ हास्यास्पद आहे, आणि तुम्ही-आम्ही बाहेर उभे राहून हसतो आहोत. विडंबन इथवर सोपे असते.

त्याच १९६६ च्या उन्हाळ्यात ‘सनी आफ्टरनून’ आले आणि सर्वनाम बदलले. करवसुलीने नागवला गेलेला, प्रेयसीने सोडलेला एक जमीनदार उन्हात निवांत बसून बिअर पितो आहे. हा माणूस ‘मी’ म्हणून बोलतो. मजुरी करणाऱ्याच्या मुलाने बुडालेल्या सरदाराच्या तोंडी गाणे द्यावे आणि ते ऐकताना चीड येण्याऐवजी थोडी कणव वाटावी, ही किमया एका सर्वनामाने साधली. वर्षअखेरीस ‘डेड एंड स्ट्रीट’ आले. तडा गेलेले छत, थकलेले भाडे, बेकारी. इथे ‘आम्ही’ आहे. पुढच्या वर्षीचे ‘ऑटम ॲल्मनॅक’ मसवेल हिल परिसरातील एका कुबड्या माळ्यावरून सुचलेले. पाने गोळा करणे, रविवारचे जेवण, सुट्टीतील ठरलेले गाव, अशा बेताच्या सुखांत रमलेला माणूस आपण होऊन आपली यादी सांगतो. ‘तो’पासून ‘मी’कडे आणि ‘आम्ही’कडे झालेली ही वाटचाल दोन वर्षांची आहे. चेष्टेतून सहानुभूतीकडे जाण्यास इतरांना कधी कधी सारे आयुष्य लागते.

१९६७ च्या मे महिन्यातील ‘वॉटर्लू सनसेट’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. आरंभी ते लिव्हरपूलच्या सूर्यास्ताचे गीत म्हणून मनात होते, पुढे ते टेम्सकाठी आले. लहानपणी डेव्हिस सेंट थॉमस रुग्णालयात होता, तेव्हा परिचारिकेने त्याला गॅलरीत नेऊन ही नदी दाखविली होती. गीतात एक माणूस खिडकीत बसून आहे. खाली गर्दी, टॅक्सींचे दिवे. शुक्रवारी संध्याकाळी टेरी आणि ज्युली नावाचे दोघे वॉटर्लू स्थानकावर भेटतात आणि नदी ओलांडून जातात. तो त्यांना पाहतो. तो एकटा आहे, बाहेर पडायला बिचकतो आहे. पण सूर्यास्त पाहताना आपल्याला काही कमी नाही असे म्हणतो.

टेरी आणि ज्युली म्हणजे त्या काळचे दोन प्रसिद्ध नट-नटी, असे पुष्कळांनी धरून ठेवले होते. डेव्हिसने सांगितले ते निराळेच : आपली बहीण प्रियकरासह नव्या जगाकडे, परदेशी निघाली आहे, अशी कल्पना त्यामागे होती. म्हणजे पुन्हा बहीण, पुन्हा नदी, आणि पुन्हा अलीकडच्या काठावर राहिलेला भाऊ. दोन वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या गीतात पलीकडचा तीर मृत्यूचा होता. येथे तो सुखाचा आहे. जागा तीच, पण पाहणाऱ्याची नजर निवळली आहे. खाली खाली उतरत येणाऱ्या सुरांनी गीताचा आरंभ होतो, आणि वरच्या पट्टीत डेव्हिसची पहिली पत्नी रासा हिचा आवाज पाठीशी फिरतो. तो आवाज काढून टाकला तर गीतातील अर्धा प्रकाश जाईल.

आणि एक बहीण खरोखरच दूर गेली होती. रोज ही बहीण नवरा आर्थर याच्यासह १९६४ साली ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झाली. मुंबई ज्या प्रवासात वाटेवर लागली तो प्रवास तिच्याच देशाकडचा होता. १९६६ च्या एका गीतात घरची माणसे तिला परत ये म्हणून विनवतात. आखाती देशांत आणि कॅनडात मुले पाठविलेल्या आपल्या घरांना त्यातील रिकामी खोली ओळखीची वाटेल.

२२ नोव्हेंबर १९६८ रोजी ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ हा पंधरा गीतांचा संग्रह ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनातील संग्रह त्याच दिवशी आला, हे त्याचे दुर्दैव. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतील यादीत त्याला स्थान मिळाले नाही. आज तो डेव्हिसची सर्वोत्तम कृती मानला जातो, आणि मीही तसेच मानतो.

गावाच्या मधोमध असलेल्या हिरवळीच्या जतनाची ही मंडळी. नाव वाचून एखाद्या चळवळीची समिती डोळ्यांसमोर येईल. पण शीर्षकगीतात जतन करायच्या वस्तूंची जी जंत्री आहे ती गमतीची आहे. मुरंबे आहेत, बिअर आहे, चित्रपटांतले डोनाल्ड डकही आहे. जे लंडनच्या उपनगरातील मुलाला सिनेमागृहात भेटले, तेही त्याच्या ‘गावा’चा भाग आहे. म्हणजे हे गाव नकाशावर नव्हते. ते आठवणीत बांधलेले होते. डेव्हिसला हे ठाऊक होते, आणि म्हणूनच संग्रह भाबडा होत नाही. एका गीतात शाळेतला जिवलग मित्र वॉल्टर आठवतो. मग लक्षात येते की वॉल्टर आता लठ्ठ झाला असेल, लग्न झाले असेल, रात्री लवकर झोपत असेल, आणि समोर आला तर बोलायलाही काही उरले नसेल. छायाचित्रांच्या वहीवर दोन गीते आहेत. त्यांपैकी शेवटच्यात फोटो काढत राहण्याच्या सवयीमागची धास्ती उघडी केली आहे. आणखी एक गीत वाफेच्या शेवटच्या गाडीचे आहे. ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांवरील वाफेच्या गाड्या त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये थांबल्या होत्या.

याच संग्रहातील ‘बिग स्काय’ या गीतापाशी थांबले पाहिजे. फ्रान्समधील कान येथे हॉटेलच्या गॅलरीतून खाली लगबग करणारे व्यापारी पाहताना ते सुचले. अंतरे तो गात नाही, बोलल्यासारखे म्हणतो. वर एक विशाल आकाश आहे. त्याला खालची माणसे, त्यांचे रडणेओरडणे दिसते. त्याला वाईटही वाटते. पण ते इतके मोठे आणि इतके व्यग्र आहे की प्रत्येकासाठी थांबणे त्याला परवडत नाही. आणि गंमत अशी की निवेदकाला यातून दिलासा मिळतो : एवढ्या विशालतेपुढे आपली काळजी किती लहान!

ख्रिस्ती वाचकाला हे गीत बोचेल, आणि बोचावे. आपण ज्या देवाला ओळखतो तो वरून पाहून थांबलेला नाही. तो खाली उतरला, माणूस झाला, रडला. डेव्हिसचे आकाश उतरत नाही. परंतु या गीताला नास्तिकाची तक्रार म्हणून बाजूला टाकणे चूक ठरेल. गॅलरीत उभा राहून कोण पाहत होता? स्वतः गीतकार. खालच्यांचे दुःख पाहायचे, त्यावर हळहळायचे आणि आपल्या जागेवरून न हलायचे, हा आरोप आकाशापेक्षा पाहणाऱ्यावर अधिक लागू पडतो. डेव्हिसच्या सगळ्या कलेला जो धोका आहे तो त्याने या तीन मिनिटांत स्वतःच ओळखून ठेवला आहे. मी हे गीत आत्मपरीक्षण म्हणून ऐकतो.

आणि पुढच्याच वर्षी तो उतरला. १९६९ चा ‘आर्थर’ हा संग्रह ग्रॅनाडा टेलिव्हिजनवरील एका नाटकासाठी लिहिला गेला. कथा डेव्हिस आणि लेखक ज्युलियन मिचेल यांची. नाटक रद्द झाले, गीते राहिली. आर्थर हे नाव रोजच्या नवऱ्याचे. साम्राज्य, दोन युद्धे, तुटपुंजा पगार आणि आता ऑस्ट्रेलियाला निघालेली मुले : एका साध्या माणसाच्या आयुष्यातून एका राष्ट्राचा उतार येथे दिसतो. त्यातील ‘शांग्रिला’ हे गीत तबकडी म्हणून निघाले तेव्हा कोणी विकत घेतले नाही. मला ते डेव्हिसचे सर्वांत धाडसी गीत वाटते. कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेले छोटे घर, घरातच असलेले शौचालय, शेकोटीजवळची खुर्ची, सकाळची ठरलेली गाडी. हाच तुझा स्वर्ग, असे निवेदक त्याला सांगतो. येथे सर्वनाम ‘तू’ आहे. आरंभी सूर मऊ, जवळजवळ अंगाईचा. मग त्यात उपहास शिरतो, वाद्ये चढतात, आवाज ओरडण्यापर्यंत जातो, शेजारीपाजारी डोकावतात, सगळी घरे सारखी दिसू लागतात. आणि मग तो पहिला मऊ सूर परत येतो. आता त्यात उपहास आहे की माया, हे ठरविता येत नाही. ज्याच्यावर हसायला निघालो तो आपला मेव्हणा निघाला, ही अडचण गीतकाराने लपविलेली नाही. प्रतिष्ठित इसमाची टर उडविल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती.

१९७० च्या ‘लोला’ने पथकाला पुन्हा बाजारात आणले. क्लबमध्ये भेटलेली व्यक्ती स्त्री की पुरुष, हे न उमगलेल्या तरुणाचे हे गीत. त्या काळी या विषयावर सहज क्रूर विनोद झाला असता. येथे फजिती होते ती निवेदकाच्या गोंधळाची, लोलाची नव्हे. बीबीसीने हरकत घेतली ती मात्र निराळ्याच कारणाने : गीतात कोकाकोलाचे नाव होते आणि जाहिरात चालत नव्हती. एक शब्द बदलण्यासाठी डेव्हिसला अमेरिकेतून लंडनला परतावे लागले.

१९७१ चा ‘मसवेल हिलबिलीज’ लंडनच्या जुन्या वस्त्या पाडून माणसांना इतरत्र हलविण्याच्या सरकारी धोरणावर आहे. डेव्हिसच्या आई-वडिलांच्या पिढीने अशाच दाट वस्तीतून उत्तरेकडे बिऱ्हाड हलविले होते. पुढची पायरी मात्र घसरली. १९७३ आणि १९७४ साली ‘प्रिझर्व्हेशन’ नावाची दोन भागांची संगीतिका आली. त्याच हिरवळीवर आता फ्लॅश नावाचा लोभी सत्ताधीश आणि ब्लॅक नावाचा कर्मठ सुधारक यांचा लढा जुंपतो. रंगमंचावर गायक, वादक, वेशभूषा असा मोठा लवाजमा होता. विचार वाईट नव्हता. भोग विकणारा आणि नीतीची सक्ती करणारा हे दोघेही गाव उद्ध्वस्त करतात, हे निरीक्षण आजही खरे आहे. पण येथे कोणीच खिडकीत नाही. सगळे भाषण करतात. वॉल्टरच्या एका लवकर झोपण्यात जितका काळ सामावला होता, तितका या दोन भागांत मिळून सामावत नाही. काही समीक्षक अलीकडे या संगीतिकेची बाजू घेऊ लागले आहेत. मी ती पुन्हा ऐकली आणि माझे मत बदलले नाही.

त्यानंतरची वर्षे थोडक्यात सांगता येतील. सत्तरीच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मोठ्या प्रेक्षागारांतून पथकाला नवा श्रोता मिळाला. गीते दणकट झाली आणि विसरण्याजोगीही. १९९४ मध्ये डेव्हिसने ‘एक्स-रे’ हे आत्मचरित्र लिहिले, तेही अशा युक्तीने की एक अनाम तरुण म्हाताऱ्या रे डेव्हिसची मुलाखत घ्यायला येतो; स्वतःच्या जीवनकथेतही त्याला बाहेरून पाहणारा लागलाच. १९९६ मध्ये पथक विसर्जित झाले. २००४ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्स येथे मैत्रिणीची पर्स हिसकावणाऱ्यांच्या मागे धावताना त्याच्या पायाला गोळी लागली. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या समारोपात त्याने ‘वॉटर्लू सनसेट’ गायिले आणि २०१७ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. २००९ मध्ये उत्तर लंडनच्याच क्राउच एंड येथील गायकवृंदाबरोबर त्याने जुनी गीते पुन्हा ध्वनिमुद्रित केली. आपल्यापैकी जे चर्चच्या गायनमंडळात गातात त्यांनी ते अवश्य ऐकावे. १९६८ चे ‘डेज’ हे गीत त्या रूपात फार शोभते. निघून गेलेल्या व्यक्तीला त्यात एकही दूषण नाही. तिच्याबरोबर जे दिवस मिळाले त्यांचे केवळ आभार आहेत.

एक गीत मी मुद्दाम मागे ठेवले होते. ‘कम डान्सिंग’ १९८२ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये निघाले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत सहाव्या आणि ब्रिटनमध्ये बाराव्या क्रमांकावर पोहोचले. चाल जत्रेतल्यासारखी आनंदी, नाचायला लावणारी. निवेदक धाकटा भाऊ आहे. त्याची बहीण दर शनिवारी नृत्यगृहात जायची. न्यायला आलेला तरुण दारात तिष्ठत राहायचा, आठवड्याची मजुरी तिच्यावर उधळायचा. आई मध्यरात्रीपर्यंत जागी बसायची आणि मग भांडण ठरलेले. भाऊ आपल्या खिडकीतून चांदण्यात फाटकापाशी निरोप घेणाऱ्या दोन सावल्या पाहायचा. ते नृत्यगृह पाडले गेले. तिथे आधी बोलिंगची जागा झाली, मग दुकान, आता मोटारी उभ्या असतात.

अमेरिकेतील तरुण या गीतावर नाचले. रेनेची हकिकत माहीत नसेल तर त्यात दुःखाचा मागमूसही लागत नाही. माहीत असेल, तर शेवटचे कडवे ऐकताना श्रोता थबकतो. कारण गीतातील बहीण जिवंत आहे. तिचे लग्न झाले आहे, ती वसाहतीतील घरात राहते, तिला मुली आहेत. त्या मुली आता रात्री बाहेर जातात आणि जागे राहण्याची पाळी तिची आहे. आपल्याला जे कधी जमले नाही ते या मुलींना सहज करू दिले जाते, हेही तिला कळते. लायसियमच्या फरशीवर एकतिसाव्या वर्षी थांबलेल्या स्त्रीला भावाने पंचवीस वर्षांनंतर मध्यमवय दिले आहे, मुली दिल्या आहेत आणि त्यांची काळजीही दिली आहे. आता तिला पुन्हा नाचायला चल म्हटले तर ती येईल का, एवढेच तो स्वतःशी विचारतो. मागे वाद्ये वाजत राहतात.